धारेची बैठक

कृष्णातचं वय एक्केचाळीस. त्याच्या डाव्या गुडघ्याचं वय, एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांच्या मते, साठीच्या आसपास. हे दोघे इतकी वर्षं एकत्र सुखानं नांदले, कारण कुणी कुणाची कधी चौकशीच केली नाही.

कोल्हापुरात, शाहूपुरीच्या मागच्या एका गल्लीत त्याचा चार म्हशींचा गोठा आहे. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी त्या घेऊन तो दूधकट्ट्यावर जातो. कट्टा म्हणजे रस्त्याकडेची फरशीची मोकळी जागा. तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळ दूध तिथल्या तिथं ग्लासात द्यायचं. दुधात पाणी नाही हे गिऱ्हाईक स्वतः बघतं आणि मगच पितं. या शहराचा विश्वास असा रोज दोन वेळा नव्यानं मिळवावा लागतो.

धार काढायची बैठक ठरलेली. दोन्ही चवड्यांवर उकिडवं बसायचं, चरवी गुडघ्यांत धरायची, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचं आणि हात चालू करायचे. कृष्णात अकराव्या वर्षापासून असा बसत आला. त्याचे वडील ज्ञानू, चौऱ्याहत्तर वर्षांचे, अजूनही असेच बसतात. बसलेला माणूस बघून त्याच्या हातचं दूध प्यायचं की नाही हे ठरवणारी गिऱ्हाइकं कट्ट्यावर अजून आहेत. ज्ञानूंना ती माणसं फार हुशार वाटतात.

चार म्हशींतली एक हरणी. नाव ठेवलं तेव्हा ती पारडी होती. आता सहाशे किलोच्या पुढं आहे आणि नाव बदलायचं कुणाला सुचलेलं नाही. तिची आई ती आठ दिवसांची असतानाच गेली, तेव्हा कृष्णातनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तिनं या उपकाराची फेड अशी केली, की कृष्णातशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हाताला ती पान्हा सोडत नसे. तिचे मागचे पाय धारेच्या वेळी कधी बांधले नाहीत. फक्त तिची एक सवय होती. दूध संपलं की ती मागचा पाय एकदा जोरानं झाडायची. कृष्णात त्याच्या क्षणभर आधी उठलेला असायचा. एवढ्या एका गोष्टीत त्या दोघांचा हिशोब कधी चुकला नव्हता.

आषाढ संपता संपता, शेवाळलेल्या फरशीवर, तो हरणीखाली बसला होता. तिला माशी चावली आणि ती अर्धं पाऊल सरकली. तो बसल्या बसल्याच चवड्यावर वळला. वरचा कृष्णात वळला, खालचं पाऊल फरशीच्या फटीत राहिलं, आणि या दोघांच्या मध्ये गुडघा होता. कट्ट असा आवाज आला. शेजारी स्वतःच्या म्हशीखाली बसलेल्या सम्राट गवळ्यानंही तो ऐकला.

"काय मोडलं रं, किस्ना?"

"काय न्हाय. चरवी वाजली."

चरवी अॅल्युमिनियमची होती आणि शाबूत होती. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला.

कोल्हापुरात गुडघ्याचं ज्ञान घरोघरी असतं. इथं प्रत्येकाचा कुणीतरी चुलतभाऊ मैदानावर पडलेला असतो आणि प्रत्येकाला एक तेल माहीत असतं. पहिल्या आठवड्यात गुडघ्याला तीन तेलं, एक लेप आणि एक पट्टा मिळाला, आणि तो पट्टा आवळून कृष्णात धारेला बसतच राहिला. दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला. हाडं शाबूत निघाली. या निकालावर घरात, गल्लीत आणि कट्ट्यावर समाधान व्यक्त झालं. फक्त गुडघा त्यात सामील झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात कृष्णात घराच्या तिसऱ्या पायरीवर थांबला आणि पाय सरळच होईना. दारात काहीतरी अडकलं की दार जसं ना उघडतं ना मिटतं, तसा गुडघा राहिला. वर्षाराणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला पायरीवरच बसवलं आणि रिक्षा बोलावली.

"एक्स-रेत फक्त हाड दिसतं," सर्जन म्हणाले. "तुमचं जे फाटलंय ते त्यात दिसतच नाही."

गुडघ्यात, वरच्या आणि खालच्या हाडांच्या मध्ये, कूर्चेच्या अर्धचंद्राकृती दोन गाद्या असतात. शरीराचं वजन त्या झेलतात. कृष्णातची आतल्या बाजूची गादी लांबलचक चिरली होती आणि चिरलेली पट्टी सांध्यात जाऊन अडकली होती. या गादीला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला. आतला भाग फाटला तर तो कापून टाकतात, कारण रक्त नाही तिथं जखम भरत नाही. कृष्णातची चीर कडेजवळ होती. टाके घालता येत होते.

"नशीब चांगलं," सर्जन म्हणाले. "पण टाके घातले म्हणजे झालं नव्हे. सहा आठवडे कुबड्या. काटकोनाच्या पुढं गुडघा वाकवायचा नाही. आणि उकिडवं, मांडी घालून, निदान चार महिने काही नाही. पूर्ण वाकलात की ही गादी मागच्या बाजूला दोन हाडांत चिमटते. टाके तिथंच आहेत."

"चार म्हैनं?"

"निदान."

"आणि म्हैस?"

सर्जननी संगणकाकडे पाहिलं. म्हशीबद्दल त्यात काही नव्हतं.

ऑपरेशन श्रावणात झालं. मग फिजिओथेरपी. तो दवाखाना शाहूपुरीतच, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. गुडघ्याच्या पेशंटांचा निर्धार पायथ्यालाच तपासून घ्यायची ती सोय असावी. तिथल्या आदिती मगदूम मूळच्या याच जिल्ह्यातल्या शिरोळच्या, घरी म्हशी बघत वाढलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्या मांडीभोवती टेप गुंडाळला. डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरनं बारीक झाली होती.

"गुडघा सुजला की मेंदू मांडीच्या स्नायूचं काम काढून घेतो," त्या म्हणाल्या. "तो स्नायू परत कामावर आला नाही तर सगळं वजन गादीवर. पाय सरळ ठेवा, मांडी आवळा, दहापर्यंत मोजा. दिवसातनं शंभर वेळा."

"एवढंच?"

"एवढं करून दाखवा."

त्यानं करून दाखवलं. पाचव्या वेळी कपाळाला घाम आला.

जाताना त्यांनी विचारलं, "धार कशावर बसून काढता?"

"चवड्यावर."

"स्टूल घ्या की. दीड फुटाचं. डावा पाय पुढं सरळ सोडून बसायचं. आमचे अज्जा उपडी बादली घेऊन बसायचे, वीस वर्षं. सहा आठवडे झाले की मी परवानगी देते."

कृष्णात हसला. हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा ज्ञानूही हसले, पण कमी.

"स्टुलावर बसायला ती काय च्याची टपरी हाय व्हय? कट्ट्यावर लोक काय म्हणतील? आणि म्हस उभी ऱ्हाईल? हरणी?"

हरणीला कुणी विचारलं नाही. स्टूल घरात होतं. त्यावर टेबलफॅन ठेवलेला होता आणि तो तसाच राहिला.

बाकीच्या तीन म्हशी ज्ञानूंनी घेतल्या. हरणीचा प्रश्न वर्षाराणीनं सोडवायचा ठरला. गवळ्यांच्या घरात यावर एक जुना उपाय आहे: मालकाचा अंगातला, न धुतलेला शर्ट घालून बसायचं. तिनं साडीवर कृष्णातचा चौकड्याचा शर्ट चढवला आणि ती हरणीखाली बसली. हरणीनं मान वळवून पाहिलं, शर्ट हुंगला आणि अर्धं दूध सोडलं. अर्धं ठेवून घेतलं. शर्टाबद्दल तिचं मत अर्ध्यापर्यंतच तयार झालं होतं.

दूध कासेत राहिलं की म्हैस आटते. तेवढ्यावर भागलं तर बरं. कास तापली, दगडासारखी झाली, तर तो सड कायमचा जातो. दोन्ही गोष्टी या घराला ठाऊक होत्या, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे. कृष्णात खाटेवर पाय पसरून शंभर वेळा मांडी आवळायचा आणि दर संध्याकाळी चरवी हातात घेऊन उचलून बघायचा. तिसऱ्या आठवड्यात ती हलकी लागली. पाचव्या आठवड्यात आणखी हलकी.

"तुमी लांब बसता काय तिच्यापासनं?" त्यानं एकदा विचारलं. वर्षाराणीवर रागावला की तो तिला तुमी म्हणायचा.

"बसते तिथंच बसते. तुमी काय शिकवायला नगा. शेपटी मारती माझ्या तोंडावर."

सहा आठवड्यांनी कुबड्या सुटल्या. गुडघा दुखत नव्हता. आदितीताई म्हणाल्या, "हाच धोक्याचा काळ. दुखत नाही म्हणून माणूस बरा झाला असं समजतो. टाके अजून कच्चे आहेत." त्यानं मान हलवली. तो स्टुलाबद्दल बोलला नाही, त्यांनी विचारलं तेव्हा "बघतो की" म्हणाला. कोल्हापुरी माणसाचं "बघतो की" म्हणजे काय, हे शिरोळच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दिवाळी नवव्या आठवड्यात आली. पाडव्याला इथं म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून, त्यांना मालकाच्या मोटरसायकलमागं पळवतात. म्हैस मालकाचा आवाज ओळखून पळते, आणि किती पळते त्यावर मालकाचं वर्षभराचं नाव ठरतं.

"हरणी औंदा कुणाच्या गाडीमागं पळणार?" सम्राटनं गोठ्याच्या दारात येऊन विचारलं. "वैनींच्या? शर्ट तर हायच त्यांच्याकडं."

"तुझ्या म्हशीचं बघ."

"बघतोय की. दोन लिटर जास्त द्यायलीया." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "तुझीची कास बघिटलास काय, भावा? मागला सड लाल दिसतोय."

कृष्णातनं बघितला होता.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वर्षाराणी आणि ज्ञानू तिन्ही म्हशी घेऊन कट्ट्यावर गेले. हरणी गोठ्यात राहिली, कारण सकाळी तिनं काहीच सोडलं नव्हतं आणि ज्ञानू म्हणाले होते, "आल्यावर डाक्टरला बोलवू. न्हायतर कास गेली म्हणून समज." कृष्णातनं तिच्या कासेवर हात ठेवला. कास गरम होती. हरणीनं मान वळवली आणि त्याच्याकडं बघत राहिली.

त्यानं गुडघ्याचा पट्टा काढला आणि खुंटीला अडकवला. आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या पेंडीची, पाटी तिच्या पुढ्यात सरकवली. चरवी घेतली. भिंतीला धरून हळूहळू खाली बसत गेला. काटकोन आला, तिथं अर्धा क्षण थांबला, आणि पुढं गेला. गुडघा ताणला, करकरला, पण गेला. चवड्यांवर बसला. कपाळ तिच्या कुशीला टेकवलं.

नऊ आठवड्यांनी ती बैठक. हरणीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि पहिल्या चार पिळांतच पान्हा सुटला. चरवीच्या तळाला धार वाजली, मग फेसात तो आवाज दबला. मागच्या लाल सडातून आधी गाठी आल्या, मग पाण्यासारखं, मग दूध. कृष्णात मोठ्यानं हसला असावा, कारण शेजारच्या घरातून कुणीतरी "काय रं?" असं विचारलं.

अर्धी चरवी झाली तेव्हा हरणीनं वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. साधी गोष्ट. तो तिच्याबरोबर चवड्यावर सरकला.

कट्ट.

आवाज ओळखीचा होता. या वेळी चरवीला दोष द्यायला सम्राटही नव्हता.

त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि गुडघा उघडला नाही. आत काहीतरी आडवं आलं होतं. उजव्या पायावर जोर दिला तर डावा तसाच मिटलेला, आणि तोल हरणीच्या मागच्या पायांकडं. मागं भिंत हातभर अंतरावर. मागं कलंडलं तर डोकं भिंतीवर आणि पोट तिच्या खुरांखाली. ओरडलं तर ती बुजेल. फोन शर्टाच्या खिशात होता, आणि शर्ट कट्ट्यावर गेला होता.

या सगळ्यात त्याचे हात थांबले होते. हरणीनं पाय उचलून ठेवला. त्यानं हात पुन्हा चालू केले.

मग त्याच्या ध्यानात आलं, की हात चालू आहेत तोवर ती उभी राहणार आहे. दूध आहे तोवर हात चालू राहणार आहेत. आणि दूध संपलं की ती पाय झाडणार आहे, जसा गेली सहा वर्षं झाडते, आणि तो उठलेला नसणार आहे. नऊ आठवडे त्याला या म्हशीनं भरभरून दूध द्यावं असं वाटत होतं. आता ती कंजूस असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं वेग कमी केला. दोन बोटांत, अगदी बारीक धार. पुढच्या पाटीतलं आंबोण चाटल्याचा आवाज यायला लागला, म्हणजे तळ आला. मांडीतला तो बारीक झालेला स्नायू थरथरायला लागला. शंभर वेळा दहापर्यंत मोजायची सवय होती. तो मोजत गेला. पुढचे दोन सड संपले. मागचा एक सैल पडत आला. दोनशे सत्तरपर्यंत आल्यावर दारात चपला वाजल्या.

वर्षाराणीनं आधी खुंटीवरचा पट्टा पाहिला, मग त्याला.

"उठा."

"उठाय येत न्हाय." तो कुशीत तोंड ठेवूनच बोलला. "वराडू नको. संपत आलंय."

ती ओरडली नाही. चौकड्याचा शर्ट अंगात होताच. ती त्याला खेटून खाली बसली आणि त्याच्या हातांवर आपले हात ठेवले.

"कपाळ लाव," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या कपाळाजवळ तुझं लाव. मी माझं काढलं तरी तिला कपाळ पायजे."

नऊ आठवडे ती मान बाजूला वळवून धार काढत होती, शेपटी चुकवायला. आणि कपाळाचं तिला कृष्णातनं कधी सांगितलं नव्हतं, कारण हरणीला तेच लागतं हे त्यालाच आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. तिनं कपाळ टेकवलं. टिकली हरणीच्या केसांत राहिली. त्यानं आपले हात खालून काढले, मग डोकं. मागोमाग आलेल्या ज्ञानूंनी त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला ढुंगणावर, भिंतीच्या कडेनं दारापर्यंत ओढत नेलं. हरणीनं तोवर कासेतलं शेवटचं दूधही सोडलं. मग वर्षाराणी झटक्यात उठली आणि हरणीनं पाय झाडला. चरवी दारापर्यंत उडाली.

ज्ञानूंनी चरवीकडं पाहिलं, मग पोराकडं.

"स्टूल घ्यायला काय झालतं तुला?" ते म्हणाले.

यावर कृष्णातकडं पुष्कळ उत्तरं होती आणि ती सगळी ज्ञानूंचीच होती.

पाडवा दवाखान्यात गेला. टाके तुटले होते आणि पट्टी चिरडली होती. आता शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर्जननी तेवढा तुकडा कापून काढला. या वेळी चालणं लवकर सुरू झालं, कारण जपायला टाकेच नव्हते. चांगल्या बातम्या कधी कधी अशा येतात.

"गुडघा पूर्ण वाकेल," सर्जननी नंतर सांगितलं. "बसताही येईल. पण आता गादी अर्धी आहे. रोज दोन तास उकिडवं बसलात तर हाडावरचं गुळगुळीत आवरण झिजत जाईल, आणि ते परत येत नाही. किती वर्षांत, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही ठरवा."

पहिल्या वेळी त्याला मनाई होती, ती मोडता आली. या वेळी परवानगी मिळाली होती आणि तिचं काय करायचं ते त्याला कळेना. तो रोज दोन मजले चढून जायचा, घोट्याला पाच किलोची वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. माघात आदितीताईंनी पुन्हा टेप लावला. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक राहिला होता.

तोवर हरणी वर्षाराणीच्या कपाळाला सरावली होती. मग वर्षाराणी भावाच्या लग्नाला चार दिवस कोडोलीला गेली. शर्ट धुऊन, घडी घालून ठेवून गेली.

त्या संध्याकाळी कृष्णात हरणीला घेऊन कट्ट्यावर आला. हातात चरवी, काखेत स्टूल. सात-आठ गिऱ्हाइकं ग्लास घेऊन थांबली होती. ज्ञानू दुसऱ्या म्हशीखाली बसले होते. त्यांनी स्टूल पाहिलं आणि मान कुशीत खुपसली.

"बस की खाली, भावा," सम्राट म्हणाला. "डाक्टरनं बसाय येतंय म्हणून सांगिटलंय न्हवं?"

"सांगिटलंय."

"मग?"

कृष्णातनं फरशीकडं पाहिलं. पावलाची जागा, ती फट, सगळं तिथंच होतं. गुडघा वाकत होता. आता खाली बसला असता तर कुणी अडवलं नसतं, त्याच्या गुडघ्यानंसुद्धा.

त्यानं स्टूल मांडलं आणि डावा पाय पुढं सरळ सोडला.

"आता फक्त कपबशी आणा," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

त्यानं कपाळ टेकवलं. हात चालू केले. काही आलं नाही. हरणी स्तब्ध उभी. हसणं थांबलं, कारण आता बघण्यासारखं होतं. एक मिनिट गेलं. सडांतून थेंब आले, तेवढेच. सम्राटनं स्वतःची धार थांबवली. ज्ञानूंचीही थांबली होती, पण त्यांनी मान वर केली नाही. दुसरं मिनिट गेलं. पुढं सोडलेल्या पायाची मांडी आपोआप आवळली गेली आणि कृष्णात मनातल्या मनात दहापर्यंत मोजायला लागला.

सातवर हरणीच्या पोटात गुरगुरलं.

चरवीच्या तळाला धार वाजली. तिनं मान वळवून स्टुलाकडं पाहिलंसुद्धा नाही. श्रावणात पाहिलं नसतं, आश्विनातही नसतं. तिला फक्त कपाळ हवं होतं. ते किती उंचीवरून येतंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. कट्ट्यावर या बाबतीत ज्याला मत नव्हतं असा तो एकच जीव होता, आणि त्यालाच विचारायचं राहिलं होतं.

पहिला ग्लास एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गेला. त्यानं घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला आणि स्टुलाकडं बराच वेळ बघितलं.

"चव तीच हाय," तो म्हणाला, जरा निराश होऊन.

दूध संपत आलं. कृष्णातनं सरळ पाय आधी काढून घेतला, मग स्टूल, मग स्वतः मागं सरला. हरणीनं पाय झाडला. पलीकडं ज्ञानूंची धार पुन्हा चालू झाली होती.

"उद्या यीताना त्ये माझ्याकडं दे जरा," ते कुशीतूनच म्हणाले. "बघतो की."